तगाई, सानुग्रह आणि हक्क : पूरग्रस्ताच्या अर्जाचा इतिहास

२०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेचे पाणी आमच्या मोहल्ल्यात शिरले. मध्य प्रदेशात मुसळधार पाऊस झाला होता. शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवराचे पाणी वैनगंगेत आले, पेंच आणि कन्हानच्या वाटेने दुसरा लोंढा आला आणि खाली गोसीखुर्द धरणाची सर्व ३३ दारे उघडावी लागली. २९ ते ३१ ऑगस्ट या तीन दिवसांत भंडारा जिल्ह्यातील नदीकाठच्या वस्त्या आणि धानाची शेते पाण्याखाली गेली. जुनी माणसे १९९४ च्या पुराची आठवण काढत होती. त्यातच कोरोनाचा काळ. शाळा बंद, आणि घर सोडून जिथे जायचे तिथेही गर्दीची भीती.

पाणी ओसरले तशी भिंतीवर गाळाची एक रेघ उरली. त्या रेघेवरून तलाठ्याने पंचनामे केले आणि पंचनाम्यानंतर लोक माझ्याकडे येऊ लागले. मी उर्दू शाळेत शिकवते. आमच्या मोहल्ल्यातली माणसे बाजारात, शेतात, एस.टी.त अस्खलित मराठी बोलतात. पण कचेरीतली मराठी समोर आली की त्यांचा हात थबकतो. "बाजी, जरा अर्ज लिहून द्या," म्हणत खाला आल्या, चाचा आले. त्या पंधरवड्यात मी चाळीसेक अर्ज लिहिले असतील. लिहिताना एक गोष्ट लक्षात आली. ज्या मराठीला आमची माणसे बिचकत होती, तिच्यातले निम्मे शब्द त्यांच्याच घरातले होते. अर्ज, नुकसान, मदत, रक्कम, वारस, हक्क हे सारे अरबीतून आलेले. पंचनाम्यातला पंच इथला, 'नामा' फारसी. तहसील म्हणजे गोळा करणे. ज्याच्या हुद्द्याचा अर्थच वसुली करणारा, त्याच तहसीलदाराच्या दारात आज आपण मदत मागायला उभे राहतो. या शब्दांच्या मागे एक मोठा इतिहास आहे, आणि तो माहीत नसला तर काय होते हे मी माझ्याच चुकीवरून शिकले. त्या चुकीविषयी पुढे सांगते.

जुन्या पिढीच्या तोंडी एक शब्द अजून ऐकू येतो : तगाई. मूळ शब्द तकावी. 'कुव्वत' ज्या धातूपासून बनला, त्याच अरबी धातूपासून तकावी बनला. अर्थ, बळ देणे. मुघल काळात बियाणे, बैल, विहीर यांसाठी रयतेला सरकारातून तकावी मिळे. इरफान हबीब यांनी मुघलकालीन शेतीव्यवस्थेवरील १९६३ च्या ग्रंथात तिची चर्चा केली आहे. बळ देणे हा अर्थ खरा, पण ते बळ उसने होते. पीक आले की तकावी परत करायची. रयत पुन्हा उभी राहिली तरच महसूल येणार, हा त्यामागचा हिशेब.

इंग्रजांनी हाच हिशेब कायद्यात बसवला. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळ संहिता तयार झाल्या. १८८३ चा जमीन सुधारणा कर्ज कायदा आणि १८८४ चा शेतकरी कर्ज कायदा यांनी तगाईला कायद्याचे रूप दिले. आपला भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी हा प्रांत पोळून निघाला. त्या काळची मदत म्हणजे मुख्यतः काम : खडी फोडा, तलाव खोदा, मजुरी घ्या. जे काम करूच शकत नाहीत त्यांनाच फुकट धान्य. एकूण व्यवस्थेची नजर दुष्काळावर होती. पुरात बुडालेल्या घराला त्यात वेगळे स्थान नव्हते. फार तर सारा तहकूब होई, थोडी सूट मिळे, तगाई मिळे.

आणि ही सूटही कोणामार्फत? इथे मालगुजारी पद्धत होती. सरकारचा व्यवहार मालगुजाराशी, कुळाचा व्यवहार त्याच्या खालचा. आज आपण ज्यांना 'मामा तलाव' म्हणतो ते माजी मालगुजारी तलाव त्याच काळाची खूण आहेत. ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी गेली. कायद्याने मधला माणूस काढला. पण मदत कागदावरच्या नावाला मिळते, नांगर धरणाऱ्याला नाही, ही रीत शिल्लक राहिली. आजही ठेक्याने किंवा बटईने धान लावणाऱ्याचे पीक बुडते आणि अनुदान सातबाऱ्यावरच्या खातेदाराच्या बँक खात्यात जमा होते. आमच्या समाजात स्वतःची शेती थोड्यांची, ठेक्याची अधिकांची. त्यामुळे ही रीत आम्हाला जरा जास्तच बोचते.

स्वातंत्र्यानंतर कर्जाऐवजी अनुदान ही कल्पना हळूहळू रुजली. नवव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून १९९० पासून राज्यांसाठी आपत्ती मदत निधी सुरू झाला. २००४ च्या त्सुनामीनंतर आणि महाराष्ट्राने २६ जुलै २००५ चा प्रलय पाहिल्यावर, त्याच वर्षाच्या डिसेंबरात संसदेने आपत्ती व्यवस्थापन कायदा केला. निवारा, अन्न, पाणी, औषधोपचार, विधवा आणि अनाथांसाठी विशेष तरतूद, जीवितहानी, घराचे नुकसान आणि उपजीविका पुन्हा उभी करण्यासाठी साहाय्य, हे सारे मूळ कायद्याच्या कलम १२ मध्ये आले. मदत किती द्यायची याचे दर केंद्राच्या निकषांत ठरतात. २०२० साली लागू असलेल्या निकषांत सपाट प्रदेशातल्या पूर्ण पडलेल्या घराला ९५,१०० रुपये, कोरडवाहू पिकाला हेक्टरी ६,८००, ओलिताच्या पिकाला १३,५०० होते. घर वाहून गेले किंवा दोन दिवसांहून अधिक पाण्यात राहिले, तर कपड्यांसाठी १,८०० आणि भांड्यांसाठी २,००० रुपये. २०२२-२६ साठीच्या निकषांत हे दर वाढले : घराला १,२०,०००, कोरडवाहू हेक्टरी ८,५००, ओलिताला १७,०००. राज्य सरकार आपल्या तिजोरीतून भर घालू शकते. २०२२ च्या खरिपात महाराष्ट्राने कोरडवाहूसाठी हेक्टरी १३,६०० रुपये दिले होते.

आता माझी चूक. आमच्या गल्लीत एक विणकर चाचा आहेत. त्यांचे वडील नागपूरच्या मोमीनपुऱ्यातून इथे आले. घरात एकच हातमाग उरलेला, तो पाण्यात फुगून वाकला आणि सुताचे गठ्ठे गाळात गेले. त्यांचा अर्ज मीच लिहिला. धान्य, कपडे, भांडी, पडलेली मागची भिंत, सगळे लिहिले. माग लिहिला नाही. घरातल्या सामानाची मदत मिळते एवढेच मला ठाऊक होते. चाचांनी विचारलेही होते, "बाजी, माग?" मी म्हणाले, "त्याचे काही मिळत नाही, चाचा." वर्षभराने निकषांचा तक्ता माझ्या हाती आला तेव्हा कळले की हातमाग आणि हस्तकलेच्या कारागिरांसाठी त्यात वेगळी ओळ होती : अवजारांसाठी ४,१०० रुपये आणि कच्च्या किंवा तयार मालासाठी आणखी ४,१००. मासेमारांच्या नावेला आणि जाळ्यालाही अशाच ओळी होत्या. तोवर मुदत सरली होती. आठ हजार दोनशे रुपये ही मोठी रक्कम नव्हे. पण तो माग पुन्हा उभा राहिला नाही. चाचा आता एका दुकानात रात्रीची राखण करतात. त्यांनी मला कधी बोल लावला नाही, हेच अधिक लागते.

त्या दिवशी माझ्या शेजारी एखादा वकील बसला असता तर? आणि वकील फुकट मिळण्याचा हक्क चाचांना होता, हे मला आणखी उशिरा समजले. १९७६ मध्ये राज्यघटनेत अनुच्छेद ३९-अ आला आणि गरिबाला मोफत कायदेशीर मदत हे राज्याचे धोरण ठरले. त्यावरून १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला. तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्याच्या कलम १२ मध्ये मोफत वकील कोणाला मिळेल याची यादी आहे. अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया, मुले, अपंग, कामगार, आणि त्याच यादीत सामूहिक आपत्ती, वांशिक हिंसा, पूर, दुष्काळ, भूकंप यांचे बळी. पुराचे नाव कायद्यात स्पष्ट लिहिलेले आहे. उत्पन्नाची अट हे वेगळे पोटकलम आहे. स्त्रीला स्त्री म्हणून आणि पूरग्रस्ताला पूरग्रस्त म्हणून, उत्पन्न कितीही असो, हा हक्क मिळतो. २०१० मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने आपत्तिग्रस्तांसाठी खास योजना केली. वाहून गेलेले दस्तऐवज पुन्हा मिळवणे, विम्याचे दावे, बँकेची कर्जे यांतही मदत करावी असे तीत म्हटले आहे. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असते, तालुक्याला तालुका समिती असते. १५१०० हा विधी सेवेचा राष्ट्रीय मदत दूरध्वनी क्रमांक आहे.

वकिलाने काय फरक पडतो हे भंडाऱ्याने गोसीखुर्दच्या निमित्ताने पाहिले आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते या धरणाची पायाभरणी झाली आणि पुढे पवनी-भंडारा भागातली गावे बुडीत क्षेत्रात गेली. भूसंपादन तेव्हा १८९४ च्या कायद्याने होई. मोबदला निषेध नोंदवून स्वीकारणाऱ्याला कलम १८ खाली वाढीव रकमेसाठी न्यायालयात जाता येत होते, पण निवाड्याच्या वेळी हजर असलेल्याला त्यासाठी मुदत होती सहा आठवडे. कागदावर 'निषेधासह' हा एक शब्द लिहायचा हे ज्याला कोणी सांगितले, त्याला दाद मागता आली. ज्याने मुकाट सही केली, त्याची वाट अडली.

आणखी एक शब्द पाहू. शासनाच्या निर्णयात 'सानुग्रह अनुदान' असे लिहिलेले असते. सानुग्रह म्हणजे कृपेने दिलेले. मूळ कायद्यातही कृपेचाच अर्थ आहे. मग कृपा मागावी की हक्क? ३० जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गौरव कुमार बन्सल यांच्या प्रकरणात कोविड मृत्यूंबाबत निकाल दिला. कलम १२ खाली सानुग्रह साहाय्याचे निकष ठरवणे प्राधिकरणाच्या मर्जीवर नाही, ते त्याचे कर्तव्य आहे, असे न्यायालय म्हणाले. रक्कम न्यायालयाने ठरवली नाही. पुढे ती ५०,००० ठरली. पण हे दान नव्हे, ही गोष्ट निकालात आली. इतिहास नेहमी पुढेच जातो असेही नाही. मोठ्या आपत्तीत कर्जफेडीत सवलतीची शिफारस करण्याचे कलम १३ हे २०२५ च्या दुरुस्तीने कायद्यातून वगळले गेले. पीकविम्यातही असेच. शेतात पाणी साचून धान गेले तर वैयक्तिक नुकसानीचा दावा करण्याची सोय २०१८ मध्ये काढली गेली, कारण धान हे पाण्यातले पीक. भंडाऱ्यासारख्या धानाच्या जिल्ह्याला हे फार महागात पडले. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने ती सोय २०२६ च्या खरिपापासून परत आणण्याचे जाहीर केले. मिळालेला हक्क जाऊही शकतो आणि गेलेला परत येऊही शकतो, म्हणून नजर ठेवावी लागते.

समाजबांधवांना माझे सांगणे थोडकेच आहे. पूर आला की आपल्याकडे जकात आणि सदक्याचे हात लगेच पुढे येतात, देगा चढतात, चादरी वाटल्या जातात. हे आपले भूषण आहे आणि ते राहावे. पण देगेच्या शेजारी एक टेबल मांडून अर्ज लिहिणाराही बसवावा. पाण्याच्या रेघेचा तारखेसह फोटो काढावा. पंचनाम्यात घरमालकाबरोबर भाडेकरूचे सामान आणि कारागिराची अवजारे आली की नाही ते पाहावे, आणि त्याची प्रत मागून घ्यावी. आजोबांच्या नावावरचे घर वारसांच्या नावे करून घ्यावे, आणि त्यात बहिणीचे, विधवा सुनेचे नाव गाळू नये. मोहल्ल्यातल्या एका खालांचे घर मयत सासऱ्यांच्या नावावर होते. पाण्यात त्या राहिल्या, पण कागदावर त्या नव्हत्याच.

उर्दूच्या तासाला आम्ही मुलांना दरखास्त लिहायला शिकवतो. पूर्वापार नमुना असा की शेवटी अर्जदाराने स्वतःला 'फिदवी' म्हणावे, म्हणजे आपल्यावरून जीव ओवाळून टाकणारा सेवक. मीही तसेच शिकले, तसेच शिकवत होते. आता नववीच्या मुलांना मी सुट्टीच्या दरखास्तीबरोबर नुकसानीचा अर्जही लिहायला लावते, एकदा उर्दूत, एकदा मराठीत. फिदवीच्या जागी नाव, पत्ता आणि कायद्याचे कलम. मागच्या वर्षी एका मुलाने यादीत चौथ्या क्रमांकावर लिहिले होते, 'दादाजींचा माग, एक.' तो विणकर चाचांचा नातू. त्या ओळीखाली मी लाल शाईने बरोबरची खूण केली आणि वही त्याच्या हाती दिली.