गाण्याच्या एका सेकंदात ४४,१०० आकडे का असतात?

मोबाइलवर वाजणारं गाणं म्हणजे आकड्यांची लांबलचक यादी असते. सीडीच्या दर्जाच्या गाण्यात डाव्या आणि उजव्या चॅनलसाठी सेकंदाला प्रत्येकी ४४,१०० आकडे असतात. हा आकडा आला कुठून? आणि त्याहून मोठा आकडा छापलेल्या 'हाय-रेझ' गाण्यांसाठी जादा पैसे मोजावेत का?

सॅम्पलिंग म्हणजे काय?

आवाज म्हणजे हवेच्या दाबातले चढउतार. मायक्रोफोन त्यांचं रूपांतर विजेच्या संकेतात करतो. कन्व्हर्टर हा संकेत ठरावीक अंतराने मोजून आकड्यात नोंदवतो. प्रत्येक नोंद म्हणजे एक सॅम्पल. सेकंदाला किती नोंदी हे सॅम्पल रेट सांगतो, तर नोंद किती बारकाईने केली हे बिट डेप्थ. १६ बिटमध्ये मोजमापाच्या ६५,५३६ पायऱ्या असतात, २४ बिटमध्ये सुमारे १ कोटी ६७ लाख.

दोन नोंदींमधला आवाज हरवतो का?

नाही, पण एक अट आहे. आवाजातली सर्वांत मोठी वारंवारता सॅम्पल रेटच्या निम्म्याहून कमी हवी. मग नोंदींवरून मूळ लहर जशीच्या तशी उभी करता येते. हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये याचा पाया घातला आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये ते गणिताने मांडलं.

अट मोडली तर खोटा सूर उमटतो. ४४,१०० च्या रेटवर ३०,००० हर्ट्झचा सूर घुसला, तर तो १४,१०० हर्ट्झचा म्हणून नोंदवला जातो. सिनेमात गाडीचं चाक उलटं फिरताना दिसतं, तसाच हा प्रकार. याला एलियासिंग म्हणतात. ते टाळण्यासाठी मोजणीआधीच फिल्टर लावून वरचे सूर कापतात.

मग ४४,१०० च का?

माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. त्याची दुप्पट ४०,०००, वर फिल्टरसाठी थोडी मोकळीक. नेमका आकडा मात्र व्हिडिओ टेपमुळे ठरला. सुरुवातीला डिजिटल आवाज व्हिडिओ रेकॉर्डरवर साठवत. चित्राच्या एका ओळीत तीन सॅम्पल बसत. अमेरिका-जपानच्या पद्धतीत २४५ ओळी × ६० × ३, युरोपच्या पद्धतीत २९४ ओळी × ५० × ३. दोन्हींचं उत्तर ४४,१००. सोनी आणि फिलिप्सने १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीसाठी हाच रेट घेतला.

जादा पैसे मोजावेत का?

९६,००० चा रेट ४८,००० हर्ट्झपर्यंतचे सूर साठवतो, पण ते आपल्याला ऐकू येत नाहीत. सीडीच्या दर्जाचं एक मिनिट सुमारे साडेदहा एमबी होतं, तर २४ बिट, ९६,००० चं सुमारे साडेचौतीस.

रेकॉर्डिंग करताना २४ बिटचा खरा फायदा होतो. लेव्हल कमी ठेवूनही बारीक आवाज नीट नोंदवला जातो. लेव्हल जास्त झाली, तर लहरीचे माथे सपाट कापले जातात. याला क्लिपिंग म्हणतात. तबल्याची थाप अशी कापली गेली, तर ती पूर्ववत होईलच याची खात्री नसते.

ऐकणाऱ्याने आधी चांगल्या हेडफोनवर खर्च करावा. आणि एमपी३ फाइल ९६,००० च्या रेटवर सेव्ह केली, तर फाइल फुगते. गेलेला आवाज परत येत नाही.