मोहफूल, धान्य आणि प्रार्थना: विसरवाडी परिसरातील ख्रिस्ती गृहजीवन

धुळ्याहून सुरतेकडे जाणारा महामार्ग कोंडाईबारीचा घाट उतरला की नवापूर तालुक्यातील विसरवाडीची बाजारपेठ लागते, आणि तिच्या भोवती मावची, गावित व कोकणी या आदिवासी समाजांचे पाडे विखुरलेले दिसतात. 1 जुलै 1998 रोजी नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा होण्यापूर्वी हा प्रदेश धुळे जिल्ह्यात आणि त्याआधी ब्रिटिश अमदानीत पश्चिम खानदेशात मोडत असे. वसईप्रमाणे येथे पोर्तुगीज सत्तेच्या छायेत ख्रिस्ती धर्म रुजला नाही. तो आला विसाव्या शतकात, तापी खोऱ्यातील रेल्वेमार्गाने नवापूर, चिंचपाडा, खांडबारा ही ठिकाणे सुरतेशी जोडली गेल्यानंतर. येथे काम करणाऱ्या स्कँडिनेव्हियन मिशनांची प्रेरणा स्वीडिश धर्मोपदेशक फ्रेडरिक फ्रान्सन यांच्याकडे जाते. त्यांनी 1890 मध्ये अमेरिकेत स्थापन केलेल्या स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे पुढे 1949 मध्ये ‘द इव्हँजेलिकल अलायन्स मिशन’ असे नामांतर झाले. चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय 1942 पासून चालत आले असून आज ते इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन या संस्थेच्या छत्राखाली आहे.

या परिसरात ख्रिस्ती श्रद्धेने घरात समाधान आणले असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा त्या सांगण्यात दारू सुटल्याचा उल्लेख सहसा पहिला येतो, आणि त्याला मोठा इतिहास आहे. मोहाच्या फुलांची दारू ही मुळात सण, लग्न आणि मर्तिक यांच्या विधींत मिसळलेली घरगुती वस्तू होती. परंतु 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने घरी दारू गाळण्यास बंदी आली, मक्तेदारांची दुकाने उभी राहिली, आणि जी वस्तू अंगणात होत असे तिच्यासाठी रोख पैसा मोजण्याची, तो नसेल तर सावकाराचे कर्ज काढण्याची वेळ आली. त्यामुळे दारूविरोध हा केवळ मिशनचा विषय राहिला नाही. 1922-23 मध्ये पालघरच्या किनाऱ्याकडून निघालेल्या देवी चळवळीने दक्षिण गुजरात व लगतच्या खानदेशातील आदिवासींना दारू-मांस सोडण्याची आणि दारूचा व्यापार करणाऱ्या पारशांच्या कामावर न जाण्याची आज्ञा दिली. पुढे 1937-38 मध्ये तळोदा तालुक्यातील गुलाम महाराजांच्या आप पंथाने, म्हणजे एकमेकांना ‘आप’ असे आदराने संबोधणाऱ्या भक्तांच्या मेळ्याने, हाच संयम सामूहिक आरतीशी जोडला. तेव्हा ख्रिस्ती मंडळीने, अर्थात स्थानिक उपासकसमुदायाने, एखाद्या ओसाड जमिनीत नवे बी पेरले असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. मिशनच्या जुन्या वृत्तान्तांत धर्मांतरापूर्वीचे जीवन निखळ अंधाराचे रंगवलेले असते. ते वृत्तान्त या कारणाने जरा सावधपणेच वाचावे लागतात.

तरीही ख्रिस्ती शिकवणीने आणलेला एक फरक मान्य करावा लागतो. देवी चळवळीचा वेग मोठा, पण तिचा भर काही महिन्यांत ओसरला. मंडळीने मात्र संयमाला आठवड्याची आणि दिवसाची घडी दिली. रविवारची उपासना, आठवड्यातील घरोघरची प्रार्थनासभा, जेवणापूर्वी पुढ्यातल्या भाकरीसाठी मानलेले आभार, आजारपणात भगताला, म्हणजे देव अंगात आणून दोष सांगणाऱ्या वैदूला, नवसाचे कोंबडे देण्याऐवजी पाळकाला, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूला, प्रार्थनेसाठी बोलावणे, अशा लहान कृतींतून भीती आणि खर्च ही दोन्ही ओझी हलकी होत गेली. या आचारामागे पौलाने कैदेतून फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रातील विचार आहे: तृप्ती ही स्वभावाने मिळत नसून विपुलतेत व टंचाईत शिकावी लागते. तंबू शिवून पोट भरणाऱ्या माणसाचा हा विचार मजुरी करणाऱ्या घरांना परका वाटला नसावा.

या शिकवणीला धोकाही होता. मिळेल त्यात समाधान मानावे हा उपदेश सावकाराला किंवा मुकादमाला सोयीचा ठरू शकतो, आणि पावसाळा संपताच ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत तो प्रश्न आजही मिटलेला नाही. मात्र शाळा व रुग्णालय यांची जोड असल्यामुळे येथील समाधानाला निव्वळ सोशिकपणाचे रूप आले नाही; लिहिता-वाचता येणाऱ्या माणसाला पवित्र शास्त्र वाचता येते तसा कर्जाचा कागदही वाचता येतो.

गायनाच्या बाबतीत या मंडळींना मराठी ख्रिस्ती परंपरेचा तयार ठेवा मिळाला. कृष्णराव सांगळे यांनी अहमदनगरकडे ख्रिस्ती कीर्तन रुजवले होते, आणि 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंगाच्या घाटात ख्रिस्तभक्ती गायिली होती. ही पदे ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून मराठी मंडळ्यांत सर्वदूर पसरली. पूर्वीच्या श्रद्धेशी असलेले नाते सर्वांत स्पष्ट दिसते ते धान्याच्या बाबतीत. कणसरी ही या पट्ट्यातील आदिवासींची धान्यदेवता. नवे धान्य देवाला वाहिल्याशिवाय तोंडाला लावायचे नाही, हा तेथील जुना दंडक. मराठी मंडळ्यांतील हंगामाच्या उपासनेत हीच कृतज्ञता वेगळ्या नावाने व्यक्त होते: भात, ज्वारी, तूर, भोपळे, अंडी, क्वचित एखादी कोंबडी वेदीसमोर आणून ठेवली जाते, आशीर्वादाची प्रार्थना झाली की बाहेर या वस्तूंचा लिलाव पुकारला जातो, आपल्याच परसातला भोपळा बाजारभावापेक्षा चढ्या बोलीने कोणी परत विकत घेतो, आणि जमलेली रक्कम मंडळीच्या कामाला जाते.