बालकांच्या हाती इतिहास : अमेरिकेतील ‘लँडमार्क’ ग्रंथमालेपासून घ्यावयाचा बोध



शिक्षकाच्या स्मरणार्थ योजिलेल्या व्याख्यानात मुलांच्या पुस्तकांचा विषय यावा, हे मला उचित वाटते. राष्ट्राचा इतिहास विद्यापीठांतून लिहिला जातो असे आपण मानतो. तथापि बहुसंख्य नागरिकांच्या मनात आयुष्यभर वास करणारा इतिहास वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षी वाचलेल्या किंवा ऐकलेल्या गोष्टींतून घडलेला असतो. म्हणून मुलांसाठी इतिहास कोण लिहितो, कोणता प्रसंग निवडतो आणि कोणता गाळतो, हा प्रश्न थोरांच्या इतिहासाइतकाच गंभीर आहे. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी मी विसाव्या शतकातील अमेरिकेचे एक उदाहरण घेतले आहे. रँडम हाउस या प्रकाशनसंस्थेने १९५० ते १९७० या काळात प्रसिद्ध केलेली ‘लँडमार्क बुक्स’ ही ती ग्रंथमाला होय.

रँडम हाउसचे एक संस्थापक बेनेट सर्फ यांनी या मालेचा उगम आपल्या आठवणींत सांगितला आहे. चाळिसाच्या दशकाच्या अखेरीस ते सहकुटुंब केप कॉडच्या किनाऱ्यावर सुट्टीसाठी गेले होते. ‘मेफ्लॉवर’ जहाजातून आलेल्या १०२ प्रवाशांनी १६२० च्या नोव्हेंबरात प्रथम नांगर टाकला तो याच किनाऱ्यावरील प्रॉव्हिन्सटाऊनच्या बंदरात. आपल्या मुलासाठी या यात्रेकरूंविषयीचे एखादे चांगले पुस्तक घ्यावे म्हणून सर्फ दुकानात गेले, तर मनाजोगे पुस्तकच मिळेना. ज्या भूमीवर इतिहास घडला त्याच भूमीवर मुलाला तो वाचावयास मिळू नये, ही उणीव त्यांच्यातील प्रकाशकाने हेरली आणि एका प्रसंगाला एक पुस्तक अशी योजना आखली.

१९५० मध्ये पहिली दहा पुस्तके निघाली. कोलंबसाच्या सफरी, यात्रेकरूंचे आगमन, पोकाहॉन्टास, पॉल रिव्हिअर, स्वातंत्र्य व राज्यघटना, कॅलिफोर्नियातील सोन्याची धाव, घोडेस्वारांची टपाल सेवा, यादवी युद्धाची अखेर, पूर्व-पश्चिम किनाऱ्यांना जोडणारा पहिला लोहमार्ग आणि राइट बंधू, असे त्यांचे विषय होते. किंमत दीड डॉलर. छपाई ठसठशीत, सोबत चित्रे. पुढील वीस वर्षांत जगाच्या इतिहासावरील उपमालेसह पावणेदोनशेंहून अधिक पुस्तके या मालेत निघाली.

सर्फ यांच्या योजनेतील खरे वैशिष्ट्य लेखकांच्या निवडीत होते. मुलांसाठी लिहिणे हे दुय्यम प्रतीचे काम मानण्याची प्रथा तेथेही होती. सर्फ यांनी ती मोडली आणि थोरांसाठी लिहून नावलौकिक मिळविलेल्या लेखकांनाच हे काम दिले. पॉल रिव्हिअरचे पुस्तक लिहिणाऱ्या डोरोथी कॅनफील्ड फिशर या प्रतिष्ठित कादंबरीकार होत्या. नोबेल पारितोषिक मिळविलेल्या पर्ल बक यांनी सन यत्-सेन यांचे चरित्र लिहिले. बर्लिनहून वार्तांकन केलेल्या विल्यम शायरर यांनी मुलांना हिटलरचा उदयास्त सांगितला. लुईस आणि क्लार्क यांच्या १८०४ ते १८०६ मधील मोहिमेची कथा रिचर्ड न्यूबर्गर या ओरेगॉनच्या पत्रकाराने लिहिली. तेच पुढे १९५४ मध्ये अमेरिकन सिनेटवर निवडून आले. या मंडळींना मुलांशी बोबडे बोलता येत नव्हते, आणि हाच मालेचा लाभ ठरला. त्यांनी मुलाला बुद्धिमान वाचक मानले.

या दृष्टीने शर्ली जॅक्सन यांचे १९५६ चे पुस्तक विशेष उल्लेखनीय आहे. मॅसॅच्युसेट्समधील सेलम येथे १६९२ साली चेटुकाच्या आरोपावरून एकोणीस जणांना फाशी देण्यात आले. एका वृद्धाचा तर अंगावर दगडांचे ओझे रचून अंत करण्यात आला. हा विषय मुलांना द्यावा काय? जॅक्सन यांनी तो दिला. आणि काळ कोणता, हे लक्षात घेतले पाहिजे. १९५० च्या फेब्रुवारीत सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी सरकारी खात्यांत कम्युनिस्ट दडल्याचा आरोप करून देशभर संशयाचे वातावरण निर्माण केले. १९५३ मध्ये परदेशांतील अमेरिकन वाचनालयांतूनही काही पुस्तके काढून टाकण्यात आली. शेजाऱ्याने शेजाऱ्यावर आरोप करावा आणि आरोप हाच पुरावा ठरावा, हे काय असते ते सेलमच्या कथेतून बालवाचकाला उमगू शकत होते. याच मालेत एफ.बी.आय. या तपाससंस्थेवरील पुस्तकही १९५४ मध्ये निघाले होते. एकच माला राजसत्तेशी सलोखा राखते आणि त्याच वेळी झुंडशाहीचे चित्रही मुलांपुढे ठेवते, हा विरोधाभास त्या दशकाचा आहे.

मालेच्या प्रसाराला शासकीय धोरणाचेही साहाय्य झाले. १९५७ मध्ये सोव्हिएत रशियाने स्पुटनिक सोडल्यावर अमेरिकेत शिक्षणाविषयी चिंता पसरली आणि शाळांवर केंद्रीय निधी खर्च होऊ लागला. १९६५ च्या शिक्षणविषयक कायद्यान्वये शालेय ग्रंथालयांना पुस्तक-खरेदीसाठी स्वतंत्र साहाय्य मिळाले. मुलांची पुस्तके घरापेक्षा शाळेत अधिक वाचली जातात, आणि शाळेचे ग्रंथालय सुस्थितीत असेल तरच प्रकाशक धाडस करतो, ही गोष्ट आपणही ध्यानी धरावी.

आता या मालेच्या दुसऱ्या बाजूकडे वळू. तिच्यावर खोटे लिहिल्याचा ठपका सरसकट ठेवता येणार नाही. तिचा दोष निवडीत आणि उभे राहण्याच्या जागेत होता. यादवी युद्धाचे उदाहरण घ्या. पहिल्या दहांतील पुस्तकाचे नायक आहेत ली आणि ग्रँट हे दोन सेनापती, आणि प्रसंग आहे ९ एप्रिल १८६५ च्या शरणागतीचा. दोन वीरांनी सन्मानाने युद्ध मिटविले, हे दृश्य भव्य आहे खरे. परंतु ज्यांच्या दास्यामुळे हे युद्ध पेटले ते सुमारे चाळीस लक्ष गुलाम या चित्रात नायक नव्हेत. पुढे जनरल ली यांचे जे स्वतंत्र चरित्र निघाले त्याच्या नावातच ‘सन्मानाचा मार्ग’ असे शब्द आहेत. आणि त्याचे लेखक हॉडिंग कार्टर हे वांशिक व धार्मिक असहिष्णुतेविरुद्धच्या अग्रलेखांसाठी १९४६ चे पुलित्झर पारितोषिक मिळविलेले दक्षिणेतील संपादक होते! उदारमतवादी लेखकालाही आपल्या प्रदेशाच्या दंतकथेबाहेर पाऊल टाकणे किती कठीण असते, याचे हे उदाहरण आहे.

मूळ रहिवाशांच्या बाबतीतही तसेच. २५ जून १८७६ रोजी लिटल बिगहॉर्न नदीकाठी लाकोटा आणि शायेन योद्ध्यांनी कस्टरच्या तुकडीचा संहार केला. मालेतील पुस्तकाचे नाव मात्र ‘कस्टरची अखेरची झुंज’. जिंकणाऱ्यांची लढाई हरणाऱ्याच्या नावाने ओळखली गेली! मात्र याच मालेत १९५६ मध्ये सिक्वोया याचे चरित्रही आले. इंग्रजी वाचता न येणाऱ्या या चेरोकी कारागिराने १८२१ च्या सुमारास आपल्या भाषेसाठी स्वतंत्र लिपी सिद्ध केली आणि १८२८ मध्ये त्या लिपीत वृत्तपत्रही निघू लागले. त्यानंतर दहा वर्षांतच चेरोकींना त्यांच्या भूमीतून हाकलून देण्यात आले. भाषा आणि लिपी यांच्या बळावर एक समाज स्वतःला कसा सावरू पाहतो, हे या चरित्रातून मुलांना दिसले असेल.

या उणिवा कोणी दाखविल्या? प्रामुख्याने शिक्षकांनी आणि ग्रंथपालांनी. नॅन्सी लॅरिक या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९६५ मध्ये एक लेख लिहून अमेरिकन बालवाङ्मयाचे जग केवळ गोऱ्यांचे आहे, असे दाखवून दिले. त्यांनी १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत निघालेल्या पाच हजारांहून अधिक बालपुस्तकांची मोजणी केली. त्यांपैकी ज्यांत एक तरी कृष्णवर्णीय व्यक्ती आढळते अशी पुस्तके निघाली अवघी ३४९, म्हणजे शेकडा सात देखील नव्हेत. या एका साध्या मोजणीने जे काम केले ते मोठमोठ्या भाषणांनी झाले नसते. आपल्या शाळेच्या कपाटातील पुस्तकांची अशी मोजणी आपण करावी. त्यांत कोण आहेत आणि कोण नाहीत, हे पाहावे.

येथे एका नावाचा उल्लेख केलाच पाहिजे. लँडमार्क मालेत १९५३ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचे चरित्र निघाले होते. गुलामीत जन्मलेला हा अनाथ बालक पुढे टस्कीगीच्या शिक्षणसंस्थेत कृषिशास्त्रज्ञ झाला, आणि १९४३ मध्ये निधन होईपर्यंत दक्षिणेतील गरीब शेतकऱ्यांसाठी राबला. मराठी वाचकाला कार्व्हर परके नाहीत. वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’ या १९८१ मधील पुस्तकाने ते घरोघरी पोहोचविले. साता समुद्रांपलीकडील चरित्र आपल्या भाषेत आले की ते आपलेच होते, याला याहून चांगला दाखला नाही.

इतिहासाइतकेच प्रदेश आणि वन्यजीवन यांनाही अमेरिकन बालवाङ्मयात मानाचे स्थान मिळाले. रँडम हाउसनेच १९५३ पासून विज्ञानविषयक ‘ऑल अबाउट’ माला काढली. तिच्यात डायनोसॉरवर लिहिण्यास गोबीच्या वाळवंटात मोहिमा नेणारे रॉय चॅपमन अँड्र्यूज लाभले. त्यांच्याच मोहिमेने १९२३ मध्ये डायनोसॉरची अंडी जगापुढे आणली होती. परंतु मला अधिक भावते ते हॉलिंग क्लॅन्सी हॉलिंग यांचे काम. १९४१ च्या त्यांच्या ‘पॅडल-टू-द-सी’ या पुस्तकात एक आदिवासी मुलगा लाकडाची छोटी होडी कोरून बर्फावर ठेवतो; बर्फ वितळते आणि ती होडी विशाल सरोवरांतून वाहत वाहत अटलांटिक महासागराला मिळते. वाटेत लाकूडतोड्यांची छावणी, बंदरे, धबधबा, कारखाने सारे येते, आणि समासांत नकाशे व आकृत्या. १९५१ च्या पुस्तकात हेच काम मिसिसिपी नदीतील एक कासव करते. भूगोल, इतिहास आणि प्राणिजीवन यांची तेथे फारकत नाही. नदी वाहते तसे ज्ञान वाहते.

आता थोडे आपल्या वडोदऱ्याविषयी. अमेरिकेचे आणि या नगरीचे ग्रंथविषयक नाते जुने आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली आणि १९१० मध्ये कनेक्टिकटमधील न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना येथे पाचारण केले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली संस्थानात ग्रंथालयांचे जाळे उभे राहिले, आणि पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. महाराजांच्या आश्रयाने निघालेल्या सयाजी साहित्यमालेच्या जोडीला ‘बालज्ञानमाला’ही होती. म्हणजे मुलांसाठी ज्ञानविषयक पुस्तकांची माला ही कल्पना आपल्याकडे न्यूयॉर्कहून येण्याची आवश्यकता नव्हती. लँडमार्कच्या कितीतरी आधी ती येथे रुजली होती. खेद एवढाच की ती परंपरा आपण पुढे नेली नाही.

आज येथील मराठी मूल दोन इतिहासांच्या मध्ये उभे आहे. घरात ते शिवछत्रपतींच्या गोष्टी ऐकते, शाळेत राज्याचे पाठ्यपुस्तक वाचते; पण आपले पणजोबा या नगरीत का आले, येथील गुजराती समाजाशी त्यांचा व्यवहार कसा होता, त्यांनी येथे काय उभे केले आणि कोठे ते उणे पडले, हे सांगणारे पुस्तक त्याच्या हाती नाही. प्रॉव्हिन्सटाऊनच्या दुकानात सर्फ यांना जी उणीव जाणवली, तीच ही उणीव. घरांतून मराठी वाचन ओसरत असताना ती अधिक बोचते, कारण जी भाषा मुलाला त्याच्या अंगणाविषयी काही सांगत नाही, ती भाषा ते मूल केवळ सणापुरती ठेवते.

म्हणून माझी एक विनंती आहे. माजी विद्यार्थ्यांनी निधी द्यावा, शिक्षकांनी विषय द्यावेत आणि ज्यांच्या लेखणीला थोरांत मान आहे त्यांनी मुलांसाठी लिहिणे कमीपणाचे मानू नये. पहिले पुस्तक विश्वामित्री नदीचे असावे. पावागडच्या डोंगरात उगम पावून ती या शहरातून वाहते आणि तिचे पाणी अखेर खंबातच्या आखाताला मिळते. तिच्या काठी चांपानेरचे अवशेष आहेत, गायकवाडांची राजधानी आहे, कारखाने आहेत आणि भर वस्तीत राहणाऱ्या मगरीही आहेत. २०१९ आणि २०२४ च्या पुरांत त्या रस्त्यांवर आलेल्या आपण पाहिल्याच. त्या पुस्तकात राजवाड्याबरोबर पूररेषेतील झोपडीही यावी, आणि मराठी घराबरोबर गुजराती शेजारीही. लँडमार्क मालेचे गुण घेऊन तिचे दोष टाळण्याची संधी आपल्याला आहे, कारण ते दोष इतरांनी आधीच मोजून ठेवले आहेत.

दिवंगत गुरुजनांचे स्मरण छायाचित्राला हार घालून होतेच; असे एक पुस्तक मुलांच्या हाती पडले तर ते अधिक काळ टिकेल.