उंबरठा आणि टपाल



परिचारिकेची पदविका घेताना आम्हांला प्रथम शिकविले गेले की, रुग्णाची गोष्ट वॉर्डाबाहेर जाऊ द्यावयाची नाही. तरीही येथे, अमिरातीत, नोकरीच्या आरंभी मी चुकले. एका मराठी बाईंचा आजार त्यांना स्वतःला कळण्यापूर्वी मी त्यांच्या भावाला सांगितला. तो काळजीनेच विचारीत होता. बाई मला एवढेच म्हणाल्या, “सिस्टर, ते सांगणं माझं होतं.” त्या वाक्यामुळे मी पुढे या देशाचे संविधान वाचले.

१८ जुलै १९७१ रोजी दुबईत सहा अमिरातींच्या राज्यकर्त्यांनी हंगामी संविधानावर सह्या केल्या. २ डिसेंबरला संघराज्य अस्तित्वात आले. फेब्रुवारी १९७२ मध्ये रास अल खैमा त्यात सामील झाले. ‘हंगामी’ हे विशेषण १९९६ मध्ये गळाले. खाजगीपणाचे असे स्वतंत्र कलम त्यात नाही. मात्र कलम ३१ टपाल, तार व अन्य साधनांनी होणाऱ्या संपर्काच्या गुप्ततेची कायद्यानुसार हमी देते. आणि कलम ३६ म्हणते की, कायद्याने सांगितलेले प्रसंग सोडता, राहणाऱ्याच्या परवानगीवाचून कोणी घरात शिरू नये.

ही कल्पना या भूमीला परकी नव्हती. परवानगी मागून, सलाम करूनच दुसऱ्याच्या घरात जावे, असे कुराणाचा चोविसावा अध्याय सांगतो. आपल्या तोरातही, अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात, सावकाराने गहाण घेण्यासाठी ऋणकोच्या घरात न शिरता बाहेर उभे राहावे, अशी आज्ञा आहे. सामाईक अंगणाकडे नवी खिडकी काढण्यास मिश्ना मनाई करते. दुसऱ्याचे पत्र वाचू नये, हा निर्बंध परंपरा सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या रब्बेनू गेर्शोम यांच्या नावे सांगते.

दुबईत १९०९ मध्ये उघडलेले टपालघर हिंदुस्थानच्या टपालखात्याचे होते. त्या हिंदुस्थानात मात्र हा हक्क संविधानात लिहिला गेला नाही. १९४७ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या निवेदनात घर व कागदपत्रे यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण मागितले; कन्हैयालाल मुनशींनी पत्रव्यवहाराची गुप्तता मागितली. गुन्ह्यांच्या तपासात अडथळा येईल, या आक्षेपापुढे ती कलमे वगळली गेली. अखेर २४ ऑगस्ट २०१७ रोजी, पुट्टस्वामी खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने हा मूलभूत हक्क मानला.

एका देशाने तो लिहिला आणि अपवाद कायद्यावर सोपविले. दुसऱ्याने लिहिला नाही, तो सत्तर वर्षांनी न्यायालयाने दिला. दोन्हीकडे शासनाला उंबरठ्यावर थांबविण्याचा प्रश्न होता. माझ्या रुग्णाच्या उंबरठ्यावर मात्र शासन आले नव्हते, मी आले होते. आणि मला कोणत्याही कलमाने अडविले नाही.

आपला समाज लहान. प्रत्येकाला प्रत्येकाची खबर असते. म्हणून एक विनंती करते. आजाऱ्यासाठीच्या प्रार्थनेत कुणाचे नाव देण्यापूर्वी त्या आजाऱ्याला विचारावे. तो नको म्हणाला, तर घरी बसून, मनातल्या मनात प्रार्थना करावी.