झिप-फाइलीचा उलगडा आणि मराठी दफ्तर : एक ऐतिहासिक टिपण

जुन्या मराठी दफ्तरात कागद सुटे ठेवीत नसत. एका सालाचे वा एका विषयाचे कागद एकत्र करून त्यांचे पुडके बांधीत, आणि अशी पुडकी चौकोनी कापडात घालून कापडाच्या टोकांची गाठ मारीत. हा रुमाल होय. महाराष्ट्रातील पुराभिलेखागारांत रुमाल हे आजही मोजणीचे परिमाण आहे. रुमालाबरोबर आतील कागदांची यादी असली तर अभ्यासकाचे निम्मे काम झालेले असते. ती नसली तर गाठ सोडणाऱ्यास एकेक कागद वाचूनच आत काय आहे ते ठरवावे लागते. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. संस्थानकालीन कागदपत्रे कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात जतन झाली आहेत. अशा गाठी सोडून, वाचून आणि लावून केवढे काम उभे राहते याचा दाखला म्हणून शिवाजी विद्यापीठाने प्रसिद्ध केलेल्या ताराबाईकालीन कागदपत्रांच्या खंडांकडे पाहावे. त्यांचे संपादक डॉ. आप्पासाहेब पवार हे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू होते.

आता अशा कागदांची छायाचित्रे, मोडीवरून बालबोधीत उतरविलेले पाठ आणि त्यांच्या याद्या एका अभ्यासकाकडून दुसऱ्याकडे जातात त्या बहुधा झिप-फाइलीच्या रूपाने. मेजावरील संगणकात फाइलीवर दोनदा टिचकी मारली की ती उघडते, आणि यात काही इतिहास असेल असे कोणास वाटत नाही. वस्तुतः झिप-फाइल दोन निराळी कामे करते. अनेक फाइली एकत्र बांधणे हे पहिले, आणि बांधताना त्यांचा आकार आटविणे हे दुसरे. पहिल्यास गठ्ठा व दुसऱ्यास संकोचन म्हणता येईल. दोन्ही उलट दिशेने करणे म्हणजे उलगडा. दफ्तरदारास ही दोन्ही कामे अपरिचित नव्हती, आणि दुसऱ्याच्या बाबतीत तर मोडी लेखकाची रीत व आजच्या संगणकाची रीत यांतील साम्य केवळ वरवरचे नाही.

मोडी कागदात लेखन आटविण्याचे दोन प्रकार आढळतात. पहिला संक्षेपाचा. 'राजमान्य राजेश्री' याचे 'रा. रा.', 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' याचे 'सा. न. वि. वि.', 'इस्तकबिल' व 'तागायत' यांचे 'इ॥' व 'ता॥', चांद्रतिथीपूर्वी नुसता 'छ'. हे संक्षेप उलगडण्याची किल्ली कागदात नसते. ती वाचणाऱ्याच्या डोक्यात असावी लागते. ज्यास शिरस्ता ठाऊक नाही त्यास 'इ॥' हे अक्षर वाचता येईल, अर्थ लागणार नाही.

दुसरा प्रकार अधिक मार्मिक आहे. कागदाच्या आरंभी गावाचे नाव, परगणा, साल, असामीचे नाव व हुद्दा हे सर्व एकदा पुरते लिहिले, की पुढे 'मौजे मजकूर', 'सन मजकूर', 'सदरहू', 'मशारनिल्हे' एवढ्यावर भागते. 'मजकूर' हा मूळ अरबी शब्द असून त्याचा अर्थ 'उल्लेखिलेला' असा आहे. आज मराठीत तो 'लिहिलेला आशय' या अर्थाने रूढ झाला, आणि छापखान्यात 'मजकूर कमी पडला' असे म्हणताना त्याचा मूळ अर्थ कोणाच्या ध्यानी नसतो. 'मशारनिल्हे' हा तर 'ज्याकडे निर्देश केला आहे तो' अशा अर्थाच्या अरबी पदबंधाचा मराठी मुखातील अवशेष होय. या शब्दांची किल्ली बाहेर शोधावी लागत नाही. ती त्याच कागदात, चार ओळी मागे, असते. वाचकाने मागे जावे आणि तेथून नाव उचलावे, एवढीच अपेक्षा.

संगणकीय संकोचनाचा इतिहास नेमका या दोन प्रकारांतून गेला आहे. क्लॉड शॅनन याने १९४८ मध्ये संदेशातील माहितीचे गणित मांडले आणि १९५१ मध्ये छापील इंग्रजीतील अक्षरे कितपत आधीच ओळखता येतात याचा प्रयोग प्रसिद्ध केला. भाषेत जे आधीच ओळखता येते ते पूर्ण लिहिण्याची गरज नाही, हा त्याचा भाषाशास्त्रास उपयोगी पडणारा निष्कर्ष. १९५२ मध्ये डेव्हिड हफमन याने वारंवार येणाऱ्या चिन्हांस आखूड व विरळ चिन्हांस लांब संकेत देण्याची इष्टतम पद्धत प्रसिद्ध केली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत विद्यार्थी असताना, परीक्षेऐवजी लिहावयाच्या निबंधासाठी त्याने ती शोधली होती. 'राजमान्य राजेश्री' वारंवार येते म्हणूनच त्याचे 'रा. रा.' होते, मोडी कारकुनाने हे गणिताविना साधले होते.

तथापि निर्णायक पाऊल १९७७ चे. अब्राहम लेम्पेल व याकोब झिव्ह या हैफा येथील तंत्रविद्यापीठाशी निगडित संशोधकांनी त्या वर्षी व पुन्हा १९७८ मध्ये जे निबंध प्रसिद्ध केले, त्यांतील पहिल्याची कल्पना एका वाक्यात सांगता येते. जी अक्षरमाला मागे येऊन गेली आहे ती पुन्हा लिहू नये. त्याऐवजी 'इतके मागे जा आणि तेथून इतकी अक्षरे उचल' एवढी खूण ठेवावी. हे 'मजकूर' आणि 'मशारनिल्हे' नव्हे तर दुसरे काय? भेद इतकाच की कारकून नामाचा पुनरुल्लेख टाळतो, आणि संगणकास नाम, प्रत्यय, शब्दाचा तुकडा, सारे सारखेच. त्यास व्याकरण ठाऊक नसते. म्हणूनच ही रीत कोणत्याही भाषेस चालते, आणि म्हणूनच तिला कोणत्याही भाषेची पर्वा नसते.

१९८४ मध्ये टेरी वेल्च याने १९७८ च्या निबंधातील पद्धतीस सुटसुटीत रूप दिले. टिफ या प्रकारातील प्रतिमांत ते आजही आढळते. १९८५ मध्ये अमेरिकेत 'आर्क' नावाचे गठ्ठे बांधण्याचे साधन प्रचारात आले. फिल कॅट्झ याने त्याहून वेगवान साधन तयार केल्यावर आर्कच्या मालकांनी त्याच्यावर दावा लावला, आणि १९८८ मध्ये तडजोड झाली. त्यानंतर कॅट्झ याने १९८९ मध्ये स्वतःची निराळी बांधणी प्रसृत केली. तिचे नाव झिप. तिचा तपशील त्याने सर्वांस खुला ठेवला, आणि झिप सर्वत्र पसरण्याचे हेच मुख्य कारण म्हटले पाहिजे. १९९३ च्या आवृत्तीत लेम्पेल-झिव्ह यांची मागे पाहण्याची रीत व हफमनचे आखूड संकेत एकत्र करणारी 'डिफ्लेट' पद्धत आली. १९९६ मध्ये तिचे वर्णन इंटरनेटच्या प्रमाणपत्रिकांत १९५१ या क्रमांकाने नोंदले गेले. हा क्रमांक आहे, साल नव्हे. कॅट्झ २०००च्या एप्रिलमध्ये वयाच्या ३७ व्या वर्षी निवर्तला. एका मागून एक आलेल्या इतर बांधण्या, रार व सेव्हन-झिप यांसारख्या, अधिक आटवितात. पण व्यवहारात झिपच टिकली. पदव्युत्तर विद्यार्थी ज्या डॉक्स फाइलीत प्रबंध लिहितो तीही आतून झिपच असते. तिच्या एका प्रतीच्या नावाचे शेपूट बदलून 'झिप' केले तर ती गठ्ठ्यासारखी उघडते आणि आत प्रबंधाचा मजकूर निराळ्या फाइलीत दिसतो.

मराठीचा प्रश्न येथून सुरू होतो. संगणकावर मराठी आली ती प्रथम एका चिन्हास एक बाइट या हिशेबाने. १९९१ चे भारतीय प्रमाण इस्की या प्रकारचे होते. छपाईत मात्र श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा साधनांचे टंक चालले, आणि त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविलेले असत. अशा काळातील गठ्ठा आज बिनचूक उलगडतो, पण पडद्यावर रोमन अक्षरांचा काला उमटतो. कारण झिपने सोडली ती एक गाठ, आणि टंकाची दुसरी गाठ तशीच राहिली. 'इ॥' प्रमाणेच येथेही किल्ली कागदाबाहेर आहे.

युनिकोडने ही दुसरी गाठ सोडविली, पण जागा अधिक घेतली. आज रूढ असलेल्या यूटीएफ-८ संकेतात रोमन अक्षरास एक बाइट लागतो, देवनागरी चिन्हास तीन. 'कोल्हापूर' या शब्दात काना-मात्रा व हलन्त धरून नऊ चिन्हे आहेत. इस्कीत त्यास ९ बाइट पुरत, यूटीएफ-८ मध्ये २७ लागतात. मात्र देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट २२४ आणि दुसरा १६४ किंवा १६५ असतो. ही पुनरुक्ती इतकी ढोबळ आहे की डिफ्लेट ती चटकन ओळखते आणि फुगवट्याचा बराच भाग ओसरतो. सारा मात्र ओसरत नाही. डिफ्लेटची स्मरणशक्ती ३२,७६८ बाइटांपुरती आहे. त्यापलीकडचे ती मागे वळून पाहू शकत नाही. इंग्रजीत एवढ्यात बत्तीस हजारांवर अक्षरे मावतात, देवनागरीत सुमारे अकरा हजार चिन्हे. मराठी वाचताना हा कारकून तिपटीने विसराळू ठरतो.

आशयाच्या बाबतीत यात हानी नाही. उलगड्यानंतर अक्षर न् अक्षर परत मिळते. खरी हानी झाली ती नावांची. झिप-फाइलीत प्रत्येक फाइलीचे नाव नोंदलेले असते आणि साऱ्या नावांची यादी फाइलीच्या अगदी शेवटी असते. (म्हणूनच अर्धवट उतरलेली झिप-फाइल उघडतच नाही : रुमाल आला, यादी वाटेत राहिली.) मूळ ठरावात ही नावे आयबीएमच्या १९८१ च्या संगणकातील ४३७ क्रमांकाच्या अक्षरसारणीनुसार लिहावयाची होती. त्या सारणीत रोमन, काही ग्रीक अक्षरे आणि रेघा आहेत, देवनागरी नाही. नावे यूटीएफ-८ मध्ये आहेत हे कळविणारी खूण झिपच्या ठरावात अधिकृतपणे आली ती २००६ मध्ये. तोवर विंडोजमध्ये देवनागरी लिहिता येऊ लागून सहा वर्षे झाली होती, आणि लोक फाइलींस मराठी नावे देऊ लागले होते.

या फटीत काय घडले ते नमूद करण्याजोगे आहे. २००१ च्या विंडोज एक्सपीत अंगभूत झिपची सोय होती, पण मराठी नावाची फाइल ती घेतच नसे. नावात न चालणारी अक्षरे आहेत असा निरोप येई. निदान तो नकार प्रामाणिक होता. जी साधने नकार न देता काम पुरे करीत, त्यांनी अधिक नुकसान केले. अनोळखी चिन्हाच्या जागी ती प्रश्नचिन्ह लिहीत, आणि विंडोजमध्ये फाइलीच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नसल्याने उलगडताना त्याची खालची रेघ होई. 'ताराबाई' या नावात सात चिन्हे आहेत. 'राजाराम' यातही सातच. दोन्ही फाइलींचे नाव सात रेघा. मग संगणक विचारतो की या नावाची फाइल आधीच आहे, तिच्यावर ही लिहावयाची काय? घाईत 'होय' म्हणणाऱ्याचे अर्धे दफ्तर तेथेच नाहीसे होते.

दुसरा प्रकार कमी घातक. नाव यूटीएफ-८ मध्येच लिहिलेले असते, पण खूण नसते. उलगडणारा संगणक ते ४३७ च्या सारणीने वाचतो. त्या सारणीत २२४ म्हणजे ग्रीक अल्फा, आणि १६४ म्हणजे शिरावर नागमोडी रेघ असलेले स्पॅनिश अक्षर. त्यामुळे प्रत्येक मराठी चिन्हापाठीमागे अल्फा आणि ते स्पॅनिश अक्षर अशी जोडी उभी राहते. अशी नावे दिसली तर ती पुसू नयेत वा हाताने बदलू नयेत. त्यांतील बाइट शाबूत असतात. यूटीएफ-८ जाणणाऱ्या साधनाने मूळ गठ्ठा पुन्हा उलगडला की नावे परत येतात. सात रेघांतून 'ताराबाई' परत येत नाही.

नावांवर एवढा भर देण्याचे कारण दफ्तराच्या स्वरूपात आहे. छायाचित्राच्या आत कागदाचा रुमाल-क्रमांक, साल, पाठ-पोट यांची नोंद बहुधा नसते. ती फाइलीच्या नावात घातलेली असते. नाव गेले की कागद कोणत्या रुमालातील हे सांगणारे काही उरत नाही. छायाचित्रांच्या बाबतीत तर झिप जवळजवळ नुसता रुमालच होय. जेपेग प्रतिमा आधीच आटविलेली असल्यामुळे झिपने ती आणखी फारशी आटत नाही. म्हणजे जे काम झिपकडून खरोखर अपेक्षित असते, नावासह एकत्र बांधण्याचे, त्यातच ती मराठीस दगा देत आली. गठ्ठा करताना नावे रोमन अक्षरांत व अंकांत ठेवून सोबत मराठी यादीची निराळी फाइल जोडावी, हा उपाय रूक्ष आहे, पण त्यात जुन्या रुमालाचा शहाणपणा आहे.

कागद खराब होण्याचा विचारही येथे केला पाहिजे. कसर लागलेल्या मोडी पत्रात चार अक्षरे जातात, बाकीचे वाचता येते. संकोचित फाइलीत मधला एक बाइट बिघडला तर त्यापुढील साऱ्या मागे-पाहण्याच्या खुणा संशयास्पद होतात. ज्या पानावर गावाचे नाव होते तेच पान गहाळ झाल्यावर पुढील 'मौजे मजकूर' निरर्थक व्हावेत तसे. झिप प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे आटविते, म्हणून बिघाड एका फाइलीत थांबतो. सेव्हन-झिप साऱ्या फाइली एकाच प्रवाहात आटविते तेव्हा गठ्ठा लहान होतो, आणि बिघाडाचा पल्ला लांबतो. झिपमधील तपास-अंक बिघाड झाला एवढेच सांगतो. दुरुस्ती करीत नाही.

मोडी लिपीस युनिकोडमध्ये स्थान मिळाले ते जून २०१४ मध्ये, सातव्या आवृत्तीत. तिची चिन्हे वरच्या पातळीवर असल्यामुळे यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकास चार बाइट लागतात. हात न उचलता झरझर लिहिण्यासाठी जी लिपी रूढ झाली, तिच्यात 'कोल्हापूर' लिहावयास ३६ बाइट खर्ची पडतात, आणि डिफ्लेटच्या स्मरणात तिची ८,१९२ चिन्हेच मावतात. असा मोडी पाठ झिपमधून निर्दोष उलगडला, तरी मोडी टंक नसलेल्या संगणकावर त्याच्या जागी रिकाम्या चौकटी दिसतात; नोटो मालिकेतील मोडी टंक बसविला की त्याच चौकटींत अक्षरे उमटतात. गठ्ठ्यातील यादीत टंकाचे नाव लिहिलेले असले, तर उघडणाऱ्यास पाठ बिघडला असे वाटून तो टाकून द्यावा लागत नाही.