मावळ्याची किंमत

गेल्या दिवाळीत इंग्लंडहून भाचा आला होता. पोरगा नोकरीला लागलेला, कमावता. आणि सामानातून काय काढलं असेल? खेळण्यातल्या सैनिकांचा डबा! प्लास्टिकच्या चौकटीला चिकटलेले हात, पाय, डोकी, ढाली. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे आणि मग बारीक कुंचल्याने रंगवायचे. रंग वेगळे विकत, डिंक वेगळा विकत. डब्याची किंमत ऐकली आणि मी मनातल्या मनात हिशेब केला, एवढ्यात आमच्या जुन्नरच्या अख्ख्या आळीचे किल्ले उभे राहिले असते.

"मामा, महाग वाटतं ना? पण खरी गंमत पुढेच आहे," तो म्हणाला. त्या खेळात दुकानातली किंमत एक आणि खेळातली किंमत दुसरी. प्रत्येक सैनिकाला गुण ठरलेले. पायदळाला कमी, घोडेस्वाराला जास्त, सरदाराला त्याहून जास्त. दोघांनी आधी ठरवायचं, की दोन हजार गुणांचं सैन्य आणायचं. त्या मर्यादेत काय घ्यायचं आणि काय सोडायचं, हे ज्याचं त्याने बघायचं. निम्मी लढाई तिथेच जिंकली किंवा हरली जाते म्हणे.

हे ऐकलं आणि मला एकदम पाच रुपयांची नोट आठवली.

आमच्या लहानपणी दिवाळीच्या किल्ल्याला एवढंच अंदाजपत्रक असायचं. दगड, विटा, पोती फुकट. माती आजोळहून यायची, आंबेगावहून, घोड नदीच्या काठची. किल्ल्यावर हळीव पेरले की चार दिवसांत हिरवंगार. पैसे लागायचे ते फक्त चित्रांना. पायी मावळा आठ आणे, तोफ एक रुपया, घोडेस्वार दीड रुपया आणि सिंहासनावरचे महाराज अडीच रुपये. महाराज घेतले तर उरलेल्या अडीच रुपयांत एक तर पाच मावळे, नाही तर एक घोडेस्वार आणि दोन मावळे. मग आम्ही युक्ती काढली. महाराज दर वर्षी वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवायचे आणि पैसे फौजेवर खर्च करायचे. हात तुटलेला मावळा फेकायचा नाही, त्याला बुरुजामागे उभा करायचा. नुसती मुंडी दिसली तरी पहारा होतो!

एका वर्षी मी बाजारात कुंभारीण मावशींशी घासाघीस केली. पाच मावळ्यांच्या पैशांत सहा मागितले. हो ना करता करता त्यांनी दिले. मी विजयी वीरासारखा घरी आलो. वडील काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र मला घेऊन कुंभारआळीत गेले.

तिथे पहिल्यांदा पाहिलं. माती चाळायची, मळायची. साच्याच्या दोन अर्ध्या भागांत दाबायची, दोन्ही अर्धुकं सांधायची, सांधा ओल्या बोटाने पुसायचा. मग सुकवायचं, भाजायचं, रंग द्यायचा, शेवटी डोळे आणि मिशा. मी विचारलं, घोडा एवढा महाग का? मावशी हसल्या. "लेकरा, घोड्याला चार पाय असतात ना! सुकताना एक मोडतो, भाजताना दुसरा. जे मोडले त्यांचे पैसे उभा राहिलेल्या घोड्यावरच काढायचे."

वडिलांनी खिशातून आठ आणे काढून त्यांच्या हातावर ठेवले. घरी येईपर्यंत मी मान वर केली नाही.

पुढे इतिहास वाचायला लागलो आणि मावशींचा घोडा जागोजागी भेटू लागला. १६५७ साली शिवाजी महाराजांच्या माणसांनी रात्री दोराच्या शिड्या लावून जुन्नर शहरात उड्या टाकल्या. लुटीत तीन लाख होन होते, जडजवाहीर होतं आणि दोनशे घोडे होते. घोड्यांचा हा आकडा होनांच्या शेजारी आवर्जून सांगितला जातो, कारण घोडा म्हणजेच पैसा होता. सरकारी पागेतला घोडा मिळून लढणारा तो बारगीर, स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येणारा तो शिलेदार. सभासदाच्या बखरीत हिशेब दिलाय. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी. जुमलेदाराला सालाचे पाचशे होन, हजाऱ्याला हजार. भाच्याच्या खेळातले गुण आणि हे होन, यांत तत्त्व तेच की!

शिवनेरीचंही तसंच. आम्ही किल्ला केला की तो हमखास शिवनेरीच असायचा, सात दरवाजे करताना सगळी संध्याकाळ जायची. वरती महाराज सिंहासनावर. खरं तर जन्म १६३० साली तिथे झाला, पण पुढे त्यांच्या हयातीत हा गड त्यांच्या ताब्यात आलाच नाही. मराठ्यांकडे तो आला त्यांच्या पश्चातच. का आला नाही, याचं एक उत्तर फ्रायर नावाच्या इंग्रज डॉक्टरच्या लिखाणात आहे. तो मोगलांच्या ताब्यातला हा गड बघून गेला. हजार कुटुंबांना सात वर्षं पुरेल एवढी शिधासामग्री गडावर असल्याचं त्याने लिहून ठेवलं. शौर्य दोन्ही बाजूंना असतं हो, कोठारं भरलेली असणं ही वेगळी गोष्ट.

आणि स्वस्ताईचा इतिहास म्हणाल तर तोही गमतीचा आहे. युरोपात शिशाचे भरीव सैनिक जर्मनीहून यायचे. १८९३ साली लंडनच्या ब्रिटन कंपनीने ते आतून पोकळ ओतायला सुरुवात केली. शिसं कमी, वजन कमी, किंमत कमी. सैनिक मध्यमवर्गीय घरांत शिरले आणि १९१३ साली एच. जी. वेल्सने अशा सैनिकांशी खेळायच्या लढाईचे नियम 'लिटल वॉर्स' या पुस्तकात लिहिले. म्हणजे मोठ्यांच्या या छंदाला बळ मिळालं ते वाचवलेल्या शिशातून.

मग माझ्या घासाघिशीत वाईट ते काय होतं? बराच विचार केला. ब्रिटनने शिसं वाचवलं, मी वाचवली ती मावशींची मजुरी. दोन्हीमुळे वस्तू स्वस्तच होते, पण दोन्हींत फरक आहे. तो आठ आण्यांचा फरक मला वडिलांनी दाखवला नसता तर कदाचित कधीच कळला नसता.

२०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यात आमचा शिवनेरी आहे. त्यांच्या भाषेत 'असाधारण वैश्विक मूल्य'. वाचून छाती फुगली. मूल्य आणि किंमत हे दोन शब्द आपण किती सहज एकमेकांच्या जागी वापरतो! जी माती आम्ही फुकट म्हणून पोत्याने आणायचो, ते जुनं आंबेगाव पुढे डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. आता ती माती कितीही पैसे दिले तरी मिळायची नाही.

आता तयार किल्ले मिळतात, मावळ्यांसकट. पालकांना वेळ नाही, अंगण नाही, मी कोणाला नावं ठेवत नाही. मात्र सगळं एका खोक्यात आलं की घोडा घेऊ का दोन मावळे जास्त, हा प्रश्नच मुलाला पडत नाही. आणि किल्लेदाराला तर रोज तोच प्रश्न पडत असणार.

भाच्याला मी जुन्नरच्या बाजारात घेऊन गेलो. म्हटलं, तुझे दोन हजार गुण राहू देत, हे दोनशे रुपये घे आणि फौज उभी कर. पठ्ठ्याने अर्धा तास घेतला. घोडे उचलले, ठेवले, पाय तपासले, पुन्हा उचलले. शेवटी विकणाऱ्या बाईंना म्हणाला, "मावशी, थोडं कमी..."

मी फक्त त्याच्याकडे पाहिलं. त्याला काही कळलं नाही, पण तो थांबला. घरी येताना वाटेत मग सगळं सांगितलं, पाच रुपयांपासून.