लांब नळीची कुळकथा

तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांना घेऊन उतरणाऱ्या प्रशिक्षकाजवळ हवेची एक जादा नळी असते, बहुधा पिवळी. सोबत्याची हवा संपली तर त्याला द्यायची. वर उजेड दिसतो आणि सरळ वर येता येतं, तिथे तेवढं पुरतं. डोक्यावर दगडाचं छत असलं की पुरत नाही.

उत्तर फ्लोरिडाच्या चुनखडीत पाण्याने भरलेल्या लांबच लांब गुहा आहेत. त्यांत कितीतरी पाणबुडे मेले. शेक एक्स्ली हा गणिताचा शिक्षक स्वतः गुहांत उतरायचा. या मृत्यूंची कारणं त्याने एकेक करून तपासली आणि १९७९ साली पुस्तकात मांडली. बाहेरपर्यंत अखंड दोरी नव्हती, परतीपुरती हवा राखली नव्हती, नको तितकं खोल गेले होते. एक तृतीयांश हवा जाताना, तेवढीच येताना आणि उरलेली संकटासाठी, हा हिशेब तिथे पाठ झाला.

पण संकटातली हवा दुसऱ्याला पोचवायची कशी? अरुंद बोळातून दोघांना शेजारी-शेजारी जाता येत नाही, एकामागे एकच जावं लागतं. म्हणून नळी सुमारे २.१ मीटर लांब झाली. शिवाय गुदमरलेला माणूस जादा नळी शोधत बसत नाही. समोरच्याच्या तोंडातली ओढतो. तेव्हा लांब नळी स्वतःच्याच तोंडात ठेवायची आणि तीच द्यायची. आपल्यासाठी आखूड नळी हनुवटीखाली रबराच्या फासात तयार. मला या साऱ्या जुळणीतला हा सर्वांत माणुसकीचा विचार वाटतो. लांब नळी पाठीवरच्या जोडटाक्यांच्या उजव्या झडपेवर, कारण पुढे जाताना छताला घासून डावी झडप बंद होऊ शकते.

विल्यम होगार्थ मेन या पाणबुड्याने या साजातलं अनावश्यक ते काढून टाकायचा ध्यास घेतला; जुळणीला त्याचंच मधलं नाव मिळालं. १९९० च्या दशकात वुडव्हिल कार्स्ट प्लेन प्रोजेक्ट या गुहा धुंडाळणाऱ्या गटाच्या जॉर्ज अर्व्हाइन आणि जॅरॉड जॅब्लॉन्स्की यांनी आग्रह धरला की चमूतल्या प्रत्येकाचा साज सारखाच हवा. जॅब्लॉन्स्कीने १९९८ साली त्यासाठी प्रशिक्षण संस्थाच काढली. त्यांच्या हटवादीपणावर पुष्कळ भांडणं झाली. तरी गढूळ अंधारात सोबत्याची झडप, दिवा, सुरी कुठे आहे हे हाताला आधीच ठाऊक असणं, याला दुसरा पर्याय मला दिसत नाही. या पद्धतीने शिकलेले पाणबुडे आजही गुहेत शिरण्यापूर्वी लांब नळी सोडवून सोबत्याच्या हाती देऊन पाहतात.